शंभर टक्के पोच

एका जंगलात (कोणत्या ते विचारू नका, विचारलंत तर मी दुसऱ्या जंगलाची गोष्ट सांगेन आणि ती याहून वाईट आहे) झिपरू नावाचं एक अस्वल राहत होतं.

नीट बसा. मागे ज्याच्या खिशात आत्ता काहीतरी थरथरलं, त्याने ते बंद करावं. काय आलंय ते मला माहीत आहे. तुला कोणीतरी घरासाठी कर्ज मंजूर केलंय. तू तिसरीत आहेस. राहू दे.

तर, झिपरूचं मधाचं दुकान होतं. दुकान म्हणजे अर्जुनाच्या झाडाची ढोली, ढोलीसमोर सपाट दगड आणि दगडावर मडकी. गिऱ्हाईक थोडं, पण जुनं. मध उतरवला की झिपरू स्वतः फिरून सांगायचा. सशाच्या बिळाशी वाकून आणि माकडांच्या झाडाखाली मान वर करून तो ओरडायचा, "मध आलाय हो!" ओरडून घसा बसायचा. मग घशासाठी तो थोडा मध चाटायचा. धंद्यात बरकत का येत नाही, हे त्याला कधी कळलं नाही.

सगळ्यात शेवटी ओढा ओलांडून तो सखोबाकडे जायचा.

सखोबा म्हणजे एक म्हातारा साळिंदर. खोकल्याने बेजार, आणि अंगावरच्या काट्यांपेक्षा तोंडाने जास्त टोचणारा. झिपरूचं पहिलं गिऱ्हाईक तोच. तो मडक्यात बोट बुडवायचा, बोट वर धरायचा, थेंब कसा पडतो ते डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, "पातळ आहे, झिपऱ्या."

"सख्या, तुझा खोकला दाट झालाय, म्हणून तुला मध पातळ वाटतो."

"घेऊन जा परत."

असं म्हणून तो मडकं आत नेऊन ठेवायचा. मग त्याची बायको साळूबाई भाजलेले कंद आणायची आणि दोघे मित्र अंधार पडेपर्यंत जंगलातल्या सगळ्यांबद्दल वाईट बोलायचे. मुलांनो, याला त्या काळी मैत्री म्हणत.

एका हिवाळ्यात झिपरूच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. त्याला चालता येईना. मध तर आलेला. त्याने सशाला सांगितलं, "सखोबाला तेवढं सांग." ससा "हो हो" म्हणाला. ससा नेहमीच हो म्हणतो आणि नेहमीच घाईत असतो.

पाय बरा झाल्यावर झिपरू लंगडत ओढ्यापलीकडे गेला, तेव्हा सखोबा पाठ फिरवून बसला होता. साळिंदराने पाठ फिरवली की नुसता राग समजायचा नाही, चार पावलं लांबही व्हायचं. झिपरू लांब झाला.

"मध आला होता म्हणे," सखोबा म्हणाला. "सगळ्यांना कळलं. मला कोणी सांगितलं नाही. म्हटलं, झिपऱ्या आता शेठ झाला."

"अरे, सशाला सांगितलं होतं मी."

"सशाला!" सखोबा म्हणाला आणि खोकू लागला. तो इतका वेळ खोकला की झिपरूचे कान पडले. सगळी थंडी म्हाताऱ्याने मधावाचून काढली होती.

परत येताना झिपरूने ओढ्यातच उभं राहून निश्चय केला. यापुढे निरोप पोचलाच पाहिजे. काहीही होवो, एकाचाही चुकता कामा नये, आणि सख्याचा तर नाहीच नाही.

हा निश्चय लक्षात ठेवा. पुढे जे काही झालं, ते या एका चांगल्या निश्चयामुळे झालं. वाईट हेतूने एवढं काम होत नाही.

त्या सुमारास मोठ्या तळ्यावरून एक बगळा जंगलात आला होता. पांढरा शुभ्र, कायम एका पायावर उभा. दुसरा पाय कुठे आहे असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "तो राखीव आहे." त्याला सगळे बगळेसाहेब म्हणत, कारण त्यानेच तसं सांगितलं होतं.

"शेठ," बगळेसाहेब म्हणाले, "आपण स्वतः जाता, हीच आपली मुख्य अडचण आहे."

"ती कशी?"

"आपण किती ठिकाणी पुरणार? आणि गेलात की बोलत बसता. निरोपाला प्रणाली लागते."

प्रणाली म्हणजे काय, हे झिपरूला माहीत नव्हतं. पण तो शब्द ऐकूनच त्याला तळपायाला आराम पडल्यासारखं वाटलं.

बगळेसाहेबांनी कावळे कामावर ठेवले.

"कावळे कशाला?" झिपरू म्हणाला. "पोपट गोड बोलतात."

"पोपट एका निरोपाला एक पेरू मागतात. शिवाय त्यांना कोणी हाकललं तर ते रुसतात. कावळे पुष्कळ आहेत, कुठेही जातात, आणि आपल्याला कोणी बोलावलेलं नाही याचं त्यांना काहीच वाटत नाही. या व्यवसायाला हाच गुण लागतो."

निरोप तयार झाला. 'मान्यवर अमुक, सप्रेम नमस्कार. मध आला आहे. त्वरा करावी.' अमुकच्या जागी ज्याचं त्याचं नाव घालायचं, असं बगळेसाहेबांनी एकदाच सांगितलं. कावळ्यांनी निरोप पाठ केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कावळे एकदम सुटले. जंगलातल्या प्रत्येक दारात कावळा ओरडला.

आता दारात कावळा ओरडला की काय होतं? बरोबर. पाहुणा येतो.

जंगलातल्या बायकांनी कावळ्याची पहिली 'काव' ऐकली आणि पुढचं ऐकायला कोणी थांबलंच नाही. सशीणबाईंनी गाजरं किसायला घेतली. रानडुकरीणबाईंनी अंगण झाडलं आणि पोरांची तोंडं धुतली, जी त्या जन्मात पहिल्यांदाच धुतली गेली. दुपार झाली. सगळे नटूनथटून दाराशी बसून राहिले. कोणीच कोणाकडे गेलं नाही, कारण प्रत्येकाकडेच पाहुणे यायचे होते. संध्याकाळी सगळ्यांनी दुप्पट अन्न खाल्लं, पोटं बिघडली आणि राग कावळ्यांवर निघाला.

ज्या थोड्यांनी निरोप शेवटपर्यंत ऐकला होता, त्यांना आपण अमुक नाही, एवढंच कळलं होतं.

माकडांनी तर ठरवूनच टाकलं. कावळा दिसला की आधी दगड, मग चौकशी.

बगळेसाहेब शांत होते. "कावळ्यांचं नाव खराब झालं," ते म्हणाले. "आता ते हळूहळू कमवायचं." त्यांनी डोंगरापलीकडून नवे कावळे आणले, ज्यांची तोंडं कोणी पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी ते मोजक्याच घरी गेले. दाराशी न बसता कुंपणावर बसले. आधी पंख मिटून नमस्कार, मग खालच्या आवाजात निरोप, मग लगेच परत. दुसऱ्या दिवशी थोडी जास्त घरं. असं करत करत लोकांना त्यांची सवय झाली. मार खाल्लेले जुने कावळेही मग अंग धुऊन रांगेत आले आणि तेच शिकले. जंगलात बिनकामाचा कावळा उरला नाही.

एक नियम मात्र फार कडक होता. ग्राहकाच्या अन्नाला चोच लावायची नाही.

"वाळत घातलेले पापड असोत, नाहीतर लग्नाची पंगत असो," बगळेसाहेब म्हणाले. "एका कावळ्याने एक पापड उचलला, तर सगळ्या कावळ्यांचे सगळे निरोप खोटे ठरतात."

पिढ्यान्‌पिढ्या उचलत आलेल्यांना हे जड गेलं. पण कावळ्यांनी शपथ घेतली आणि पाळली. हेही लक्षात ठेवा.

झिपरूच्या मनातून मात्र ससा जात नव्हता. "निरोप पोचला, हे मला कळणार कसं?" त्याने विचारलं. "हो म्हणायला काय, तोही म्हणाला होता."

"पोच आणायची. प्रत्येक ग्राहकाकडून त्याची स्वतःची एक वस्तू घेऊन यायची. पोच घेतल्याशिवाय कावळ्याने हलायचं नाही."

त्या दिवसापासून संध्याकाळी ढोलीसमोर पोचांचा ढीग पडू लागला. सशाचा केस, मोराचं पीस, सापाची कात. सखोबाचा एक काळापांढरा काटा. झिपरू ढिगातून तो काटा पहिला शोधायचा आणि ढोलीच्या भेगेत खोचून ठेवायचा. "सख्याचा आला," तो म्हणायचा. "म्हणजे सख्याला कळलं." आणि त्याला झोप लागायची.

"आणि कोणी काही उलट सांगितलं तर?" एकदा त्याने विचारलं.

"ऐकायचं नाही."

"का बरं?"

"शेठ, जितके निरोप तितकी उत्तरं आली, तर त्या उत्तरांना तुम्ही उत्तरं देणार. मग त्यांना पुन्हा उत्तरं येणार. याला संभाषण म्हणतात. त्यात धंदा बुडतो."

म्हणून प्रत्येक निरोपाला एक शेपूट लावण्यात आलं. 'हा निरोप आपोआप आलेला आहे. याला उत्तर देऊ नये.'

ज्यांना निरोप नको असतील त्यांचीही सोय केली होती. त्यांनी कावळ्याला 'नको' म्हणायचं. पण मुलांनो, पंगतीत वाढप्याला कोणी 'नको' म्हटलं तर आपल्याकडे काय करतात? दोन जिलब्या जास्त वाढतात. कावळेही अशाच पंगतींवर वाढलेले होते. कोणी 'नको' म्हटलं की त्यांना वाटायचं, भिडस्त आहे बिचारा. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे दोन कावळे जायचे. 'अहो खरंच नको' म्हणणाऱ्याकडे चार. घोरपडीने कुंपणावर डोकं आपटून नको म्हटलं, तेव्हा तिच्याकडे कावळ्यांनी मुक्कामच केला.

ओढ्यापलीकडे पहिला निरोप गेला, तेव्हा सखोबा बिळाच्या तोंडाशी कोवळ्या उन्हात बसला होता. त्याने तो नीट ऐकला.

"झिपऱ्या कुठाय?" त्याने विचारलं.

"हा निरोप आपोआप आलेला आहे," कावळा म्हणाला.

"आपोआप?" सखोबाने विचार केला. "म्हणजे मला निरोप पाठवलाय, हे झिपऱ्याला माहीत आहे का?"

कावळ्याला यावर काही बोलायची परवानगी नव्हती. तो पोचेसाठी थांबला. सखोबाने एक काटा उपटून दिला आणि म्हणाला, "त्याला सांग, मध पातळ आहे."

कावळा उडाला. मध आता सखोबाचा धाकटा भाऊ बाळोबा दुकानातून आणायचा. झिपरू येत नव्हता. म्हणजे त्याला यायचं होतं. पण निरोप तर पोचत होता, काटा तर येत होता, आणि दुकानात काम वाढलं होतं.

कारण निरोप वाढले होते. बगळेसाहेबांनी आता वेळप्रसंगाप्रमाणे वेगवेगळे निरोप बांधून ठेवले होते आणि वेळ आली की कावळे कोणी न सांगता सुटायचे. वाढदिवसाचा निरोप. 'आपलं मडकं संपत आलं असेल' हा निरोप. 'कालच्या निरोपाबद्दल आपलं मत काय? मत कावळ्याला सांगू नये' हा निरोप. घुशींनी आपल्या धान्याचे, सुतारपक्ष्याने आपल्या ढोल्यांचे निरोप पाठवायला झिपरूचेच कावळे घेतले. आभाळ काळं झालं. झिपरूला झाडावर चढून मध उतरवायला सवड होईना. पण 'मध आला आहे' हा निरोप पौर्णिमेला बांधलेला होता, त्यामुळे मध आला नाही तरी तो जायचा. मडकी रिकामी दिसू नयेत म्हणून त्यांत काय घालत होते, ते मी सांगणार नाही. ओढा जवळच होता.

पोचांचा ढीग ढोलीएवढा झाला, तेव्हा बगळेसाहेब तो तराजूने तोलू लागले.

"सख्याचा काटा आहे ना त्यात?" झिपरू विचारायचा.

"सगळ्यांचं सगळं आहे, शेठ. शंभर टक्के पोच."

झिपरूने हा आकडा ढोलीवर कोरून घेतला. दूरदूरच्या जंगलांतून लोक तो बघायला येत.

ओढ्यापलीकडे दुसरा हिवाळा आला. सखोबाचा खोकला छातीत उतरला.

"झिपऱ्याला सांग, खोकला वाढलाय," तो कावळ्याला म्हणाला.

"याला उत्तर देऊ नये," कावळा म्हणाला. पण तो म्हणाला ते आधीपेक्षा हळू. ओढ्यापलीकडचा हा कावळा वर्षभर याच दारी येत होता.

"देत नाही बाबा उत्तर. मी आपला बोलतोय. सांग, मध नको. तू ये."

कावळ्याने काटा घेतला. काटा आता ओढावा लागत नव्हता, हात लावला की गळत होता. साळूबाईने बाळोबाला दुकानात पाठवलं. दुकानात दगडाच्या जागी मोठी शिळा आली होती आणि शिळेवर एक कावळा बसला होता. बाळोबा म्हणाला, "दादा फार आजारी आहे, शेठना सांगा." कावळा म्हणाला, "मान्यवर बाळोबा, दुकानात आपलं स्वागत आहे. हा निरोप आपोआप आलेला आहे." बाळोबाने तेच जरा मोठ्याने सांगितलं. मग हात जोडून सांगितलं. झिपरू ढोलीच्या आत होता, घुशींशी बोलत होता. बाळोबा गरीब स्वभावाचा. तो परत गेला.

त्यानंतर एकदाच सखोबा कावळ्याशी बोलला. बोलायला त्याला वेळ लागला. कावळा थांबला.

"झिपऱ्या, येऊन जा," तो म्हणाला. 'सांग' म्हणायचं त्याने सोडून दिलं होतं.

सखोबा गेला, मुलांनो. त्या संध्याकाळीही अर्जुनाच्या झाडाखाली पोच शंभर टक्के भरली. बिळाच्या तोंडाशी त्याचे गळलेले काटे पडले होते. कावळा रोज त्यातला एक उचलून नेत होता. निरोप येतच होते. साळूबाई प्रत्येक कावळ्याला सांगत होती, "अरे, हे गेले रे. भावजींना कळवा." कावळे नमस्कार करून उडत होते.

दहाव्याच्या दिवशी साळूबाईने बीळ झाडून सारवलं. काटे सगळे गेले.

दहावा ओढ्याच्या काठी होता. बाळोबाने भाताचा पिंड केला, वर काळे तीळ घातले, पानावर ठेवला आणि सगळे मागे सरून उभे राहिले. आता कावळा शिवायचा, मग मोकळं व्हायचं.

वर आभाळात कावळेच कावळे होते. ऊन पडत नव्हतं, इतके. इकडून तिकडे, तिकडून इकडे, सगळे कामात. एकही खाली येईना. आला तरी ग्राहकाच्या अन्नाला चोच लावायची नाही, ही शपथ होती.

"दादाची काहीतरी इच्छा राहिलीय," कोणीतरी म्हणालं.

बाळोबा पुढे झाला. हात जोडून पिंडाला म्हणाला, "दादा, बिळाची पडकी बाजू मी बांधून काढीन." कावळा आला नाही. "दादा, वहिनीला अंतर देणार नाही." नाही आला. साळूबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "अहो, तुम्ही सांगत होता तशी औषधाची मुळी घेत जाईन मी. कडू असली तरी घेईन." नाही. ऊन चढलं. भात वाळायला लागला.

"दर्भाचा कावळा करू आणि शिववून घेऊ," एक जाणता रानडुक्कर म्हणाला. "चालतं तसं."

"ह्यांना नाही चालायचं," साळूबाई म्हणाली. "मधात पाणी असलं तर ह्यांना लांबून कळायचं. खोटा कावळा कळणार नाही होय?"

तेवढ्यात ओढ्यापलीकडचा कावळा आला. तो आधी बिळाशी गेला होता. तिथे कोणी नव्हतं, काटाही नव्हता. पोच घेतल्याशिवाय हलता येत नव्हतं, म्हणून तो शोधत शोधत काठावर आला. तिथे सगळे पानावरच्या भाताला दादा आणि अहो म्हणत होते. कावळ्याने ते ऐकलं आणि पानासमोर बसून पंख मिटून नमस्कार केला.

"मान्यवर सखोबा," कावळा खालच्या आवाजात म्हणाला, "बरेच दिवस दुकानात दिसला नाहीत. आम्हाला आपली आठवण येते. आपण परत यावं म्हणून एका मडक्यावर एक वाटी मध मोफत. ही सवलत अमावास्येपर्यंत आहे."

साळूबाई मटकन खाली बसली.

"हा निरोप आपोआप आलेला आहे," कावळा म्हणाला आणि पोचेसाठी थांबला.

तो बराच वेळ थांबला. पिंडाने काही दिलं नाही. ग्राहकाच्या अन्नाला चोच लावायची नाही, हा एक नियम. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही, हा दुसरा. दोन्ही नियम एकाच पानावर येतील, असं बगळेसाहेबांना वाटलं नव्हतं. कावळ्याने मान इकडे केली, तिकडे केली. मग त्याला एक गोष्ट सुचली. हे अन्न नव्हे. हा ग्राहक आहे.

त्याने पुढे होऊन एक शीत उचललं.

"शिवला!" बाळोबा ओरडला. "दादा, शिवला!" आणि सगळे रडू लागले, कारण आता रडायला हरकत नव्हती.

संध्याकाळी अर्जुनाच्या झाडाखाली कावळे पोच टाकत होते. ओढ्यापलीकडच्या कावळ्याने आपलं शीत टाकलं, ते तराजूच्या दांडीला चिकटलं.

"हे काय आहे?" बगळेसाहेब म्हणाले. "या ग्राहकाचा काटा येतो."

"त्यांच्याकडे आज हेच होतं," कावळा म्हणाला.

"भाताचं शीत पोच म्हणून धरता येईल का, ते बघावं लागेल. शेठ, जरा बघता का? नाहीतर टक्का घसरेल."

झिपरू बाहेर आला. त्याने शीत तळहातावर घेतलं. शिताला एक काळा तीळ चिकटलेला होता. झिपरू अस्वल असला, तरी भात आणि काळे तीळ एकत्र कुठे असतात हे त्याला माहीत होतं.

तो दगडावर बसायला गेला. तिथे आता शिळा होती. तो खालीच बसला.

"काही म्हणाला का रे?" त्याने कावळ्याला विचारलं. "शेवटी काही म्हणाला?"

"उत्तर ऐकायची परवानगी नाही," कावळा म्हणाला.

"परवानगी नाही. पण ऐकू तर येतं ना तुला?"

कावळ्याने बगळेसाहेबांकडे पाहिलं. बगळेसाहेब शीत तोलण्यासाठी बारीक वजनं शोधत होते. कावळ्याने मान खाली घातली आणि बोलू लागला. पाठ करणं हेच त्याला शिकवलेलं होतं. जे ऐकलं ते सगळं त्याच्याकडे होतं, ज्या आवाजात ऐकलं त्या आवाजात.

"झिपऱ्याला सांग, मध पातळ आहे. झिपऱ्याला सांग, फारच पातळ आहे, ओढा कमी झालाय का बघ. झिपऱ्याला सांग, खोकला वाढलाय. सांग, मध नको, तू ये." मध्ये कावळा खोकला. तो खोकलाही सखोबाचाच होता. "झिपऱ्या, येऊन जा."

झिपरू भेगेत खोचलेल्या काट्यांकडे बघत राहिला. ते सगळे पहिल्या महिन्यातले होते.

"मला मेल्याला पोच नाही," तो म्हणाला. "एवढीसुद्धा पोच नाही."

"नाही कशी?" बगळेसाहेब मान वर करून म्हणाले. "आहे ना, शेठ. शीत धरलं. शंभर टक्के."

झिपरू उठला. ढोलीच्या अगदी वरच्या कोनाड्यात जुन्या दिवसांचं एक मडकं राहिलं होतं, ते त्याने काढलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो पायी ओढ्यापलीकडे गेला.

साळूबाई सारवलेल्या अंगणात बसली होती. "आलात होय, भावजी," ती म्हणाली. "ह्यांनी बोलावलं होतं."

"आत्ता कळलं, वहिनी."

तिने कंद भाजले. सवयीने दोन पानं मांडली. झिपरूने मडक्यात बोट बुडवलं, बोट वर धरलं. थेंब पडेना, इतका तो मध दाट होता. झिपरूने डोळे बारीक करून तो थेंब बराच वेळ पाहिला.

"पातळ आहे," तो म्हणाला.

"घेऊन जा परत," साळूबाई म्हणाली, आणि मडकं आत नेऊन ठेवलं.

एवढीच गोष्ट. झिपरू पुन्हा फिरून ओरडू लागला. त्याचा घसा अजून बसतो. प्रणाली बगळेसाहेबांकडे राहिली आणि ती भरभराटीला आली. आता त्या जंगलात दहाव्याला कावळ्याची वाट बघावी लागत नाही. आधी वर्दी दिली की 'आम्हाला आपली आठवण येते' हा निरोप घेऊन कावळा ठरल्या वेळी येतो आणि एक शीत घेऊन जातो. सखोबालाही तो निरोप दर अमावास्येला जातो. सवलत वाढवलेली आहे.

तात्पर्य: गिऱ्हाईक मेलं तरी त्याचं नाव यादीतून काढू नये, कारण 'नको' न म्हणता पोच देणारं तेवढंच एक असतं. आणि निरोप नेणारा कावळा ठार बहिरा आहे, याची आधी खात्री करून घ्यावी.